भीमसेनरावांच्या गाडीतलं रडणं

अड्यारच्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सकाळी नऊलाच पन्नासेक माणसं जमली होती आणि मधोमध एक पांढरी गाडी रडत होती. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी, आणि आतून गळा दाटल्यासारखा लांबच लांब आवाज. गाडी भीमसेनरावांची, ते जाऊन सहा महिने झाले होते.

बॉनेट उघडून श्वासस्वामी नावाचे भगवे गृहस्थ दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. मग उपरणं बोटांना गुंडाळून त्यांनी इंजिनावरचं तेलाचं झाकण फिरवलं. रडणं थांबलं! उघड्या तोंडावर त्यांनी विड्याचं पान ठेवलं, ते सप्पकन चिकटून बसलं.

"विडा घेतला! आत्मा प्रसन्न!" स्वामी गरजले. गर्दीनं भराभरा गालांवर चापट्या मारून घेतल्या. झाकण लावताच रडणं पुन्हा सुरू झालं. "पण दुःख आहे. मुलीचं ठरलेलं लग्न त्यांना नको. वर्षभर तिला माझ्या आश्रमात सेवेला धाडा."

भीमसेनरावांच्या पत्नी गोदाबाईंनी पदराला डोळे पुसले. स्वामींनी आदल्या दिवशीही हेच सांगितलं होतं, म्हणून लेकीची, शरण्याची, बॅग जिन्याशी तयार होती. बॅगेजवळ उभ्या शरण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या शैलाताई हे सारं दात-ओठ खात बघत होत्या. अवडी गावातल्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनं तपासलेली बाई ती. रोज सकाळी ही गाडी दहा मिनिटं चालू करून तिला हळदकुंकू वाहिलं जायचं, पण यजमानांची आठवण म्हणून पाना कुणाला लावू द्यायचा नाही. महिनाभरापूर्वी हा आवाज ऐकून शैलाताईंनी गोदाबाईंना सांगितलंही होतं, नवा भागही आणून ठेवला होता. गोदाबाईंनी हात लावू दिला नव्हता. आणि आता हा भामटा! इंजिन तापल्यावरच आवाज चढतो, झाकण उघडलं की थांबतो, हे त्याला नेमकं ठाऊक. बोटंसुद्धा भाजू दिली नाहीत लबाडानं.

"गोदाबाई, आत्म्याला दहा मिनिटं थांबायला सांगा," त्या पुढे होत म्हणाल्या. "मुलीला कुठं पाठवायचं ते मग ठरवा."

"अय्यो, हात लावू नका! अस्की लोक सांगताते, तेच रडताते म्हणून..."

"अम्मा, बघू दे त्यांना!" शरण्या पहिल्यांदाच बोलली. तिनंच इंजिन बंद केलं.

शैलाताईंनी इंजिनावरच्या चपट्या डबीचे चार स्क्रू काढले आणि आतला रबराचा पडदा उचलला. फाटक्या कडेतून त्यांचं बोट आरपार गेलं. "इंजिनाच्या पोटात साचणारी वाफ या व्हॉल्व्हमधून बाहेर काढली जाते. पडदा फाटला की बारीक भोकातून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि शिट्टी वाजते. झाकण उघडलं की हवा तिथून शिरते, शिट्टी बंद. पानही त्याच ओढीनं चिकटतं."

नवा पडदा बसवून इंजिन चालू केलं. दहा मिनिटं झाली, गाडी गप्प. झाकण उघडून पान ठेवलं, तर ते नुसतं थरथरलं.

स्वामी मात्र बिलंदर. "बघा! माझ्या मंत्रानं आत्मा मुक्त झाला!" निम्मे हात पुन्हा जोडले गेले.

शैलाताईंनी झाकण लावलं, इंजिन बंद केलं आणि तोच फाटका पडदा परत बसवला. चावी फिरवताच गाडी रडू लागली.

"परत आले का हो भीमसेनराव?" त्यांनी विचारलं. "चार स्क्रूंनी आत-बाहेर करणारा हा कसला आत्मा? स्वामी, चालवा की मंत्र! पडदा तसाच ठेवते, एकदा आवाज थांबवून दाखवा."

स्वामींनी आभाळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग फाटकाकडे. मुहूर्त टळल्याचं पुटपुटत ते निघाले, ते इतक्या घाईनं की उपरणं इंजिनावरच राहिलं.

गोदाबाई मटकन पायरीवर बसल्या. "महिनाभर मी जेवले नाही नीट," त्या म्हणाल्या. "ते तडफडताते समजून. रबरासाठी मी पोरीला धाडत होते?"

शैलाताईंचा राग उतरला. त्या शेजारी बसल्या. "आठवण ठेवा, रडा, सगळं करा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एकदा उघडून बघा. बघू देत नसेल, तर समजा लुबाडतोय."

गोदाबाई उठल्या. नवा पडदा त्यांनी स्वतःच्या हातानं शैलाताईंना दिला आणि लेकीकडे वळल्या.

"शरण्या, बॅग वर ने. लग्नाच्या साड्या बघायच्या आहेत."