टेपवरची आय

माझा थोरला भाऊ अर्जुना एकाहत्तरच्या लढाईत गेला. तार आली त्या दिवसापास्नं आयनं, राहीबाईनं, त्याचं नाव तोंडातनं काढलं न्हाई. कुणी इचारलं तर उठून जायाची.

तीन सालांनी वाईचे चिंतामण मास्तर टेपचं यंत्र घेऊन आमच्या गावात आले. माणूस लय शिकलेला. सर्बियन आन एस्टोनियन असल्या दोन भाषा शिकलेले, कुठल्या मुलखातल्या देवाला ठाऊक. तिथल्या गावागावची बोली कशी बदलत जाती त्याची तुलना करायचे, आन जोडीला आमचा सातारा-सांगली लावायचे. आयला म्हणाले, "आजी, एखादी घडलेली गोष्ट सांगा." मी म्हशीची धार काढायला गेलो. परत आलो तर आय पदरानं डोळं पुसत हुती.

"अर्जुनाचं सांगितलं त्यांनी," मास्तर हळूच बोलले. "याच गावच्या ना?"

आन माझी जीभ वळवळली. "ह्या गावची? आवं, पलूसची लेक हाय ती. बागायतदाराची."

मास्तरांचा चेहरा पडला. बोली तपासायला माणूस त्याच गावात जलमलेलं लागतं, तिकडच्या पुस्तकांत तसाच नेम हाय म्हणं. पर सून म्हंजी परगावचीच, मंग गावातली एक तरी सून चालंल का त्यांना? ह्ये तवा सुचलं न्हाई मला. "मग तुम्हीच बोला," म्हणाले आन टेप मागं फिरवली. मला वाटलं, यंत्राची रीतच असंल. मी फुगून बसलो.

औंदा माघात आय गेली. शेवटपातुर अर्जुनाचं अवाक्षर न्हाई. तेरावं झाल्यावर मी यष्टीनं वाई गाठली. मास्तरांना म्हणलं, आयनं काय सांगितलं तेवढं ऐकवा.

त्यांनी टेप लावली. माझाच आवाज. ऊस, खत, कारखाना.

"एकच टेप उरली होती," मास्तर खाली बघत म्हणाले. "त्यांचं पुसून त्यावर तुमचं घेतलं."

"काय म्हणली ती, ते तरी सांगा."

"मी उच्चार टिपत होतो हो. मजकूर नाही लिहिला."

लय राग आला. त्यांचा कमी, माझा जास्त.

टेप चालूच हुती. माझ्या बोलण्यात मधीच लांबनं आयचा आवाज आला, "आरं, अर्जुनाचं एक सांगायचं ऱ्हायलं..."

आन त्यावर मी खेकसलो, "आये, गप बस. सायेब माझं टिपत्यात."

मंग पुढं टेप संपंस्तवर मीच बोलत हुतो.