कर्नलसाहेबांची पाणसळ

मित्रांनो, कल्पना करा, काचेच्या नळीत एवढासा बुडबुडा आहे. तो बरोबर मध्ये थांबला, की माणसं निर्धास्तपणे भिंत उभारतात. मी एक जुनी पितळी पाणसळ आहे, आणि तो बुडबुडा माझा जीव.

लंडनच्या एका कारागिराने मला घडवलं. लष्करी इंजिनिअर एडमंड टॅरंट यांनी मला विकत घेतलं, तेव्हा ते कोवळे लेफ्टनंट होते. क्रिमियाच्या लढाईत गोळे पडत असताना आम्ही तोफांचे चौथरे सपाट केले. तिथेच ढिगाऱ्याखाली अडकलेल्या जेथ्रो पास्क या शिपायाला त्यांनी ओढून काढलं आणि शौर्यपदक मिळवलं. पुढे बंदरांचे धक्के, पूल, बराकी... तीस वर्षं आमची सोबत होती.

कर्नल होऊन ते इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या आपल्या गावी परतले. जेथ्रोही त्यांच्यापाठोपाठ तिथेच राहायला आला. पदक काचेच्या पेटीत गेलं, मी शेकोटीवरच्या फळीवर. पदकाला रोज फडकं मिळे, मला धूळ. एकदा मांजराने मला खाली पाडलं. मोलकरणीने उचलून गुपचूप जागेवर ठेवलं.

त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. बायका टेकडीवरच्या झऱ्यावरून बादल्या वाहू लागल्या. साहेबांनी मला हाती घेतलं आणि झऱ्यापासून गावापर्यंत चर खणवला. पाणी सोडलं, तर ते निम्म्यावरच थबकलं.

"साहेबांचं पदक दाखवा त्याला, घाबरून चढेल वर!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"गप रे!" जेथ्रो खेकसला. पण साहेबांना 'चुकलात' म्हणायला त्याचीही जीभ रेटेना.

तेवढ्यात साहेबांची नऊ वर्षांची नात विनिफ्रेड पुढे आली. "आजोबा, पाणसळ फिरवून पाहिलीत? तुम्हीच तर शिकवलंत! कामाआधी तिच्या टोकांची अदलाबदल करायची. बुडबुडा हलला, तर ती खोटं बोलतेय."

साहेबांनी मला उलट फिरवून ठेवलं. माझा बुडबुडा थेट एका टोकाला पळाला.

मला फार लाज वाटली. साहेब मात्र टोपी काढून म्हणाले, "मंडळी, चूक हिची नाही, माझी. न तपासता विश्वास ठेवला. जेथ्रो, खालचा चर हातभर खोल करावा लागेल."

"आता कसं बोललात, साहेब!" जेथ्रो म्हणाला.

मांजराने पाडलं तेव्हा सैल झालेला माझा स्क्रू पिळून साहेबांनी मला पुन्हा अचूक केलं. मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून ठेवू नका. त्या अजून खरं सांगतात का, तेही मायेने पाहत जा.

माणसं दमली होती. फावड्यांकडे कुणी बघेना. तेव्हा विनिफ्रेडने बूट काढले, सगळ्यात जड फावडं ओढत नेलं आणि आजोबांच्याही आधी चरात उडी मारली.