टाचण्यांत अडकलेले श्रोते

निवृत्तीच्या दिवशी सरांनी शाळेत भाषण केलं. ते संपेपर्यंत हॉलमध्ये एकटा शिपाई उरला होता, तोही कुलूप लावायला. हे सरांच्या फार जिव्हारी लागलं. मरण्याआधी एकदा तरी आपलं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकावं, एवढा एकच हट्ट मागे राहिला. त्यामुळे वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. विषय त्यांनीच निवडला, इंग्रजीतला ‘इट्स’ हा शब्द. आता सांगा, हे ऐकायला काळं कुत्रं तरी फिरकेल का?

सरांची बायको घरातच कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, उंच आरसा आणि गिऱ्हाइकाने उभं राहायचा लाकडी ठोकळा. नवा कोट अंगावर चढवून जागोजागी टाचण्या लावल्या, की बाईला हात पसरून गप उभं राहावं लागे. हललं की टोचलं. श्रोता असावा तर असा, हे सरांनी बरोबर हेरलं. शेवटची टाचणी लागली रे लागली की स्वारी पडदा सारून हजर.

“साडेचारशे-पाचशे वर्षांमागे इंग्रजीत ‘इट्स’ नव्हताच,” ते सुरू करायचे. “झाडाचं पान म्हणायचं, तरी पुरुषाला लावतात तोच ‘हिज’ लावायचे.”

“अगं बाई. मग खुर्चीचा पाय?” ठोकळ्यावर हात पसरून उभी असलेली एक नर्स म्हणाली.

“तोही हिज.”

“आपली खुर्ची बाईमाणूस तरी आहे,” नर्स हसली आणि तिला काखेत टोचलं.

सरांनी हा विनोद तिथल्या तिथे भाषणात घेतला. मग नव्या शब्दाला लोक कसे बिचकत होते, पुढे कित्येक वर्षं ‘एस’च्या आधी वरती अपॉस्ट्रॉफीचं टिंब टांगून कसे लिहायचे, तेच टिंब आज पोरांनी टांगलं की मार्क कसे कापतात, असं गाडं सुसाट सुटायचं. बायको तेवढ्यात खडखड मशीन सुरू करायची.

एके दिवशी बेकरीवाली टाचण्यांसकट कोट घालून पळाली.

“अहो, माझ्या पोटावर पाय का देताय?” बायको वैतागली.

“मग सांगू कुणाला?” सर खाली बसले. “भीती वाटते गं. पुन्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायचं म्हणजे...”

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या.

व्याख्यानाच्या संध्याकाळी सर हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. नर्स, बेकरीवाली, बँकेतल्या दोघी बहिणी, गल्लीतल्या जवळपास सगळ्या बायका. वाचनालयाचे सेक्रेटरी जादा खुर्च्या ओढत होते. सर सुटले. खुर्चीच्या विनोदाला बायका विनोदाच्या आधीच हसल्या. टिंबापाशी बेकरीवालीने पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं. शेवटी नर्सने विचारलं, “निर्जीव वस्तूंना स्वतःचा शब्द मिळाला, तेव्हा कुणी कुरकुर केली का हो?” प्रश्न! खराखुरा प्रश्न! उत्तर द्यायला सर टेबल सोडून पुढे आले.

बाहेर पडताना मात्र त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येकीच्या हातात खाकी कागदाचं पुडकं आहे आणि पुडक्यावर बायकोच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

“कपड्यांसाठी आल्या होत्या तर,” रस्त्यात ते म्हणाले.

“हो. आठवडाभर सगळ्यांचे अडवून ठेवले होते. हॉलवर या, तिथेच देते म्हटलं.”

“भाषण संपल्यावर.”

“तसंच ठरवलं होतं. पण मग खरं कोण ऐकतंय ते तुम्हाला कधी कळलं असतं? तुम्ही यायच्या आधीच वाटून टाकले. जिला जायचंय तिने जावं म्हटलं.” बायकोने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “दोघी गेल्या. बाकीच्या बसल्या.”

सर रस्त्यातच उभे राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीने पुसले, नाकही पुसलं. दोघं पुन्हा चालू लागले.

मग सरांनी विचारलं, “त्या दोघी कोण?”