शिवानीच्या तळहातावरची ऊब

सात रस्ता चौकाच्या मागे एका मंगल कार्यालयात दर सोमवारी मायाप्पा महाराज बसायचे आणि रांग रिक्षा स्टँडपर्यंत जायची. गुडघेदुखीवाले, लकवा झालेले, पाठ धरलेले, सगळे यायचे. महाराज दुखऱ्या जागी भस्म ठेवत, वर तीर्थ सोडत आणि मेलेल्या नसा म्हणे जिवंत होत.

"बिसी आली का, बिसी?" ते गरजायचे. बिसी म्हणजे कानडीत गरम, ऊब. चटका बसला की माणूस "आली, आली!" म्हणत अंग झटकायचा. महाराज लगेच भस्म पुसून घेत आणि मंडपात जयजयकार होई.

त्या रांगेत शिवानी आणि तिची आई चंद्रिकाताई यांच्या मागे मीही उभा होतो. मी सयाजी, शाळेत विज्ञान शिकवतो. माझा काडीचाही विश्वास नव्हता, पण चंद्रिकाताई "चला" म्हणाल्या तेव्हा नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? शिवानीचा हात माझ्या सायकलीने गेला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी ती गल्लीतून स्केट्सवर सुसाट आली आणि मी उतारावरून सायकलवर तितक्याच वेगात. ब्रेक दाबेपर्यंत दोघेही रस्त्यावर पडलो होतो. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. माझा खांदा निखळला. तो हात अजून कानाच्या वर जात नाही, त्यामुळे वर्गात फळ्याचा वरचा भाग कोराच राहतो. तिचं डावं कोपर मोडलं आणि आतली नस चेमटली. हाड दीड महिन्यात जुळलं, तळहात मात्र बधिर राहिला.

लिंगायतांच्या घरात पूजेच्या वेळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात. शिवानीच्या हातून ते घसरायचं आणि तिला कळायचंही नाही.

"देव हातात हाय की न्हाय, हे पोरीला डोळ्यांनी बघितल्यावरच कळतंय, सर," चंद्रिकाताई एकदा म्हणाल्या होत्या. ते ऐकून मला काय वाटलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. दोन वर्षांत अपराधाची टोचणीही बोथट होते.

डॉक्टरांनी रोजचा व्यायाम दिला होता. डोळे मिटून ज्वारी, कापूस, बटण हाताने ओळखायचं. फरक पडला तर हळूहळू पडेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण महाराजांचा हुकूम होता, "डॉक्टरचं बंद, मगच आमचं सुरू." त्यामुळे तीन आठवडे व्यायाम बंद होता.

आमचा नंबर आला. महाराजांनी तळहातावर भस्म ठेवलं, तीर्थ सोडलं. "बिसी आली?" शिवानी गप्प. त्यांनी आणखी भस्म टाकलं, आणखी तीर्थ ओतलं. "आली का गं?"

तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. "आली."

मंडप दणाणला. "सर, हात लावून बघा की! लई ऊब हाय!" चंद्रिकाताई रडत म्हणाल्या.

मी बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. शिवानी मात्र शांत उभी होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाकीचे लोक भाजलं की झटकत होते. या हाताला झटकायचं कळणारच नव्हतं.

मी तो हात पालथा करून झटकला आणि तिला ओढत नळावर नेलं. धार सोडली तेव्हा फोड दिसू लागले. तिला चंद्रिकाताईंच्या हवाली करून मी परत आलो, महाराजांच्या ताटातलं भस्म स्टीलच्या वाटीत घेतलं आणि त्यावर त्यांचंच तीर्थ ओतलं. वाफ निघाली.

"लावा हात," मी लोकांना म्हणालो. "या वाटीच्या नसा कधी जिवंत झाल्या?"

"तुजी श्रद्धा न्हाय!" महाराज कडाडले.

"वाटीची आहे का?"

कुणीतरी हसलं. मी सांगितलं, भस्मात कळीच्या चुन्याची पूड आहे. पाणी पडलं की ती तापते, आणि कातडीही जाळते.

मोहोळहून आलेले एक आजोबा डोकं धरून बसले. "चुना भिजवताना वाफ आमी जन्मभर बघितलीया. पन रोज कपाळाला लावतो त्या भस्मावर संशय कोन घेतंय?"

महाराजांना एकाएकी मौनव्रत आठवलं.

नळाशी चंद्रिकाताई विचारत होत्या, "काय कळत नव्हतं, तर आली का म्हणालीस?"

"तू तशी बघत हुतीस," शिवानी म्हणाली.

फोड भरायला महिना लागला. आता रोज संध्याकाळी त्यांच्या घरी व्यायाम होतो आणि मीही जातो. म्हणूनच सांगतो, कुठे चमत्कार दिसला तर आधी तो वाटीत करून पाहा. आणि जिथे आजाऱ्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही, तिथे क्षणभरही थांबू नका.

काल शिवानीने डोळे मिटून अकरा वेळा "न्हाय" म्हटलं. बाराव्या वेळी चंद्रिकाताईंनी तळहातावर बटण ठेवलं. ती थबकली. "कायतरी हाय."

"खरं?" चंद्रिकाताईंनी विचारलं.

तिने डोळे मिटलेलेच ठेवले. "ठाव न्हाय. परत ठेव."

चंद्रिकाताईंनी बटण उचललं आणि परत ठेवलं.