बटणाआधीची हाक

लाँड्रीतला कपडे धुवायचा मोठा ड्रम आजीनं हाक मारल्याशिवाय कधी फिरला नाही. आडवा, लोखंडी, वरच्या अंगाला दार, आणि मोठं माणूस पाय दुमडून आत बसेल एवढा. बटणावर बोट ठेवून आजी घरातल्या एकेकाला हाक मारायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या तोंडानं ओ द्यायची. तरुणपणी ती दुसऱ्याच्या लाँड्रीत कामाला होती, तिथं असल्याच ड्रममध्ये लपलेलं एक पोर तिच्या डोळ्यांदेखत गेलं. एवढंच तिनं सांगितलं होतं, तेही एकदाच. त्यानंतर रोज रोज कशाला ओरडतेस असं म्हणायला कोणी धजलं नाही.

खोड काढायला धाकटा नातू होताच. त्याला सगळे पोपट म्हणत. खरं नाव त्याचं त्यालाही आठवायला वेळ लागला असता. काकू गच्चीवर चादरी वाळत घालत असली की हा खालूनच तिच्या आवाजात ओ द्यायचा. काकांचा खोकला, ताईचं वैतागणं, सगळं हुबेहूब. गिऱ्हाईकं फसायची, आजी नाही. "ही नव्हे ती. माझं माणूस मला ऐकू दे," म्हणायची आणि दुखऱ्या गुडघ्यांनी गच्चीपर्यंत चढून काकूला डोळ्यांनी बघून यायची. मग पोपटाच्या पाठीत एक धपाटा, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःलाच हाक. "आणि म्हातारी?" "ओ!" असं आपलं आपणच म्हणून ती बटण दाबायची. चिमणीला त्याचं रोज नव्यानं हसू यायचं.

चिमणी म्हणजे काका-काकूंची लेक, अजून शाळेत जाताना रडणारी. ताई आणि पोपट ही तिची चुलत भावंडं. त्यांचे आईबाप लवकर गेले, आणि आजीनं म्हातारपणी पुन्हा कंबर कसून दोघांना वाढवलं. सगळ्या गावाचे कपडे मशीनला लावणारी ही बाई घरच्यांचे कपडे मात्र हातानं धुवायची. कॉलर बघून कोणाला झोप लागत नाही ते ओळखायची, बाही हुंगून कोणाला ताप येणार ते सांगायची. तिला स्वतःला कधी गरम जेवताना पाहिल्याचं ताईला आठवत नव्हतं.

तर ती आजी गेली, आणि आज लाँड्री पुन्हा उघडली. हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग दाराशी येऊन पडला होता. संध्याकाळपर्यंत चादरी मिळाल्या नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी काकांना फोनवर सुनावलं होतं. काका सकाळपासून वसावसा करत होते. दुःखात माणूस रडतो, काका चिडत.

अर्धा ड्रम भरला आणि पुन्हा फोन वाजला. काका तणतणत बाहेर गेले. ताई मागच्या खोलीत साबण मोजत होती, काकू पाठमोरी इस्त्री करत होती. आता जे घडलं ते या तिघांनाही ठाऊक नव्हतं, पण आधीच सांगून ठेवलेलं बरं. आजीची जुनी शाल काकूनं चुकून त्याच ढिगात टाकली होती, आणि ती ड्रममध्ये जाताना चिमणीनं पाहिली. ती स्टुलावर चढली, ड्रममध्ये उतरली, शाल शोधत चादरींच्या तळाशी गेली आणि शालीत तोंड खुपसून तिथंच झोपली. रात्रभर जागीच होती बिचारी. काका परत आले, उरलेल्या चादरी वरून कोंबल्या, दार ओढलं आणि खिट्टी घातली.

"ताई, लाव," ते म्हणाले.

ताई आली. आजीची जागा तिला आपसूक मिळाली होती. कोणी तिला विचारलंही नव्हतं. तिनं बटणावर बोट ठेवलं. बटणाची कड आजीच्या बोटानं झिजून गुळगुळीत झाली होती. ताईला हाक मारावीशीच वाटेना. काका म्हणालेही, की आता ते राहू दे, उशीर होतोय, सगळे आहेत आपापल्या जागी. खरं तर तिलाही तेच हवं होतं. पण हाक न मारता बटण दाबायचं म्हणजे आजी खरोखरच गेली, हे तिला सोसवेना.

तिनं काकांना हाक मारली. समोर उभ्या काकांनी कपाळाला आठ्या घालून ओ दिली. काकूनं इस्त्रीच्या टेबलावरून दिली. पोपटानं वरच्या खोलीतून दिली.

"चिमणे!"

मग वरून गोड, खणखणीत, हेल काढून आली, "ओऽ!"

काकू इस्त्री टेकवून चक्क हसली. कित्येक दिवसांत पोर असं बोललं नव्हतं. काका म्हणाले, झालं समाधान, आता दाब. ताईनं बोटावर जोर दिला. बटण जरासं आत गेलंही.

आणि तिचा हात आखडला. का, ते तिलाही आधी कळलं नाही. आवाज चिमणीचाच होता. अगदी चिमणीचा, आजी असतानाच्या चिमणीचा. पण चिमणीचा घसा तर रडून रडून बसला होता. सकाळी ताईनंच तिला मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या होत्या, आणि त्या पोरीच्या तोंडून नुसतं खरखर येत होतं.

बटणावरचं बोट ताईनं जपून, अगदी हळू उचललं.

"ही नव्हे ती," ती म्हणाली.

काका ओरडणार होते. तिचा चेहरा बघून थांबले. पोपट जिन्यात आला होता, तोंडावर अर्धवट हसू घेऊन. इतक्या दिवसांनी ताईला हसवावं, धपाटा खावा, एवढंच त्याच्या मनात होतं. ताईनं त्याला विचारलं, चिमणी वर आहे ना? त्याचं हसू पुसलं गेलं. तो म्हणाला, मला वाटलं खाली आहे.

ड्रमकडे कोण आधी धावलं ते नंतर कोणालाच सांगता आलं नाही. काकांच्या हातून खिट्टी निघेना. रोजची खिट्टी, पण बोटंच ऐकेनात. ताईनं त्यांचा हात बाजूला सारून ती ओढली. चादरी उपसल्या, जमिनीवर फेकल्या, आणखी उपसल्या. काकू नुसती लेकीचं नाव पुटपुटत होती. ताईचा हात तळाशी गेला आणि ऊबदार पाऊल हाताला लागलं.

घामानं चिंब झालेली चिमणी डोळे चोळत बाहेर आली. शाल दोन्ही मुठींत घट्ट धरलेली.

"ही धुवायची नाही," ती खरखरत्या आवाजात म्हणाली. "वास जाईल."

काकूनं तिला उराशी कवटाळलं. काका चादरींच्या ढिगावर मटकन बसले, आणि आई गेल्यापासून न रडलेला तो माणूस हुंदके देऊन रडला. पोपट जिन्याच्या पायरीवर भिंतीला डोकं लावून बसला होता. त्याला कोणी धपाटा घातला नाही.

बऱ्याच वेळानं चादरी पुन्हा आत गेल्या. काकांनी एकेक चादर झटकून भरली. हॉस्पिटलचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. ताईनं सगळ्यांना समोर उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून हाक मारली. एकेकानं ओ दिली. चिमणीनंही दिली, फुटक्या आवाजात. तो आवाज ताईनं नीट ऐकून घेतला.

"म्हातारी राहिली," चिमणी म्हणाली.

सगळे पोपटाकडे बघू लागले. आजीचा आवाज त्याला तंतोतंत काढता यायचा, इतका की शेजारीपाजारी फसायचे. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि नाही म्हणून मान हलवली.

"आणि म्हातारी?" ताईनं हाक मारली. मग आपल्याच आवाजात, जरा कापऱ्या, तिनं ओ दिली आणि बटण दाबलं.