उष्टी डबी

माझीच डबी मले वाण म्हणून परत मिळाली, तेव्हा मी शोभाताईच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांसमोर "मायबाई!" म्हणून ओरडली. हळदीकुंकवाले गेली होती. शोभाताईनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि पिशवीतून ती डबी काढून माझ्या हातावर ठेवली. झाकणावरचं सील जसंच्या तसं.

"कुठून आणली वं ही?" मी विचारलं.

"चांगली आहे ना? संत्र्याची क्रीम आहे." तिले ती श्वेताकडे मिळाली होती. श्वेताले मधुवंतीकडे. आणि मधुवंतीले मी माझ्या हातानं दिली होती, लावून पाहा आणि सांग म्हणून!

क्रीम माझ्या भावाच्या पोरीची, वेदिकाची. केमिस्ट्री शिकलेली आहे ती. रसवाले आणि संत्रा बर्फीवाले पोत्यानं सालं फेकतात, ती ही पोरगी उचलून आणते. सावलीत वाळवते, दळते, त्याचा अर्क काढते आणि क्रीम करते. सगळं घर आंबट वास मारून राहते. लॅबमधून तपासणी झाली, लायसन्स मिळालं. क्रीम वय कमी करते असं तिनं कधीच कोणाले सांगितलं नाही. पन्नाशीनंतर कातडी कोरडी पडते, ओढते, खाजते, नागपूरच्या उन्हात तं विचारूच नका. ती मऊ राहावी, एवढंच तिचं म्हणणं.

इथल्या मिहान औद्योगिक भागातली एक कंपनी ही क्रीम विकायले तयार होती. अट एकच, आमच्या वयाच्या बायकांनी होळीपर्यंत रोज लावावी आणि काय फरक पडला ते सांगावं. नाही जमलं तं वेदिका पुण्यातली नोकरी घेणार होती. मीच शहाणी! मी म्हटलं, संक्रांतीचं वाण म्हणून वाटू, प्रताप नगरातल्या साऱ्या बायका एका दमात हाती लागतात. वाण न उघडता पुढच्या घरी सरकवतात, हे मले सुचू नये? माझ्या कपाटातल्या किती स्टीलच्या वाट्या अशाच फिरल्या आहेत.

मी एकेकीले फोन लावला. एकीनं सुनेले दिली होती. एकीनं मुलीसाठी ठेवली होती. मधुवंती म्हणाली, "आपल्या वयात कशाले वं? एवढी चांगली वस्तू वाया जाईल."

वाया जाईल! माझं डोकंच फिरलं. सालं वाया जाऊ नये म्हणून पोरगी पोती वाहून राहिली, आणि या बाया स्वतःच्या तोंडाले लावणं म्हणजेच वाया घालवणं समजून राहिल्या.

वेदिकाचं तोंड उतरलं. "जाऊ दे आत्या. मी पुण्याले हो म्हणून टाकते."

"चूप बस," मी म्हटलं. "नव्या डब्या काढ."

उष्टी वस्तू वाणात देता येत नाही, हे तं कोणाले सांगावं लागत नाही. मी स्कूटी काढली. दारात उभी राहूनच सील फोडायची, समोरच्या बाईचं बोट धरून डबीत बुडवायची आणि म्हणायची, "झाली उष्टी. आता देऊन दाखव कोणाले!"

"चारू, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मधुवंती चिडली.

"रोज येईन मी. गाल पाहीन."

आणि गेली मी रोज. पहिले पहिले शोभाताई मले पाहून बाथरूममध्ये लपायची. मग एक दिवस तीच गेटपाशी उभी होती. म्हणाली, "कपाळ ओढत नाही वं आता. आंघोळीनंतर खाजतही नाही." मी तिले रस्त्यातच मिठी मारली. हळूहळू बाकीच्याही बोलू लागल्या. चांगलं सांगितलं, वास जास्त येतो म्हणूनही सांगितलं. वेदिकानं सगळं कंपनीले कळवलं.

राहिल्या फक्त गोपिकावहिनी, म्हणजे वेदिकाची आई; घरच्याच म्हणून त्यांचं सील मी फोडलं नव्हतं. "लावते ना मी," म्हणायच्या. पण गाल पाहिले तं कोरडे ठणठणीत! होळीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेली आणि सरळ कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांमध्ये डबी होती. सीलबंद.

माझा ताबाच सुटला. "वहिनी, अहो तुमचे फुटलेले हात पाहून पोरीनं हे सारं सुरू केलं! मी अख्ख्या प्रताप नगरात भांडून राहिली, आणि तुम्हीच? काहून?"

वेदिका माझ्या मागे उभी होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"ही तिची पहिली डबी आहे, चारुताई. लावली असती तं संपली असती." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आणि ती पुण्याले निघून गेली असती, तं माझ्याजवळ काय राहिलं असतं?"

मी डबी परत साड्यांमध्ये ठेवायले गेली.

वेदिकानं माझ्या हातातून डबी घेतली आणि टर्रकन सील फाडलं. आईचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि एकेक बोट चोळू लागली.

"कंपनी हो म्हणो की नाही म्हणो, मी कुठं चालली नाही," ती म्हणाली. "संपू दे, आई. संपली की मी दुसरी करून देईन."