भातातला हिरवा गोल

आमच्या खालच्या तुकड्यात, अगदी मधोमध, एक बुजवलेली विहीर आहे. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दोघींनाच. एक रेश्मा मॅडम, कारण त्या पुण्याहून आलेल्या पाहुण्या. दुसरी मी, कारण मी सून. त्या विहिरीच्या तोंडावर उकिडवी बसून मी एक अख्खा हंगाम भात खुरपला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी 'तुला कळलं कसं नाही गं' असं विचारायला नको. नाही कळलं. वाडीनं गप्प बसायचं ठरवलं की ती फार नीट गप्प बसते.

माझं माहेर केडगावचं. वडील शाळामास्तर, घरी नळाला पाणी. बेंजामिनशी लग्न होऊन मी तिसगावच्या पलीकडच्या या वाडीत आले तेव्हा हे कोपरगावला शुगर फॅक्टरीत हंगामी कामाला होते. मग ते सोडून घरी आले आणि वडिलांची शेती बघू लागले. माझे सासरे शलमोनमामा, चर्चचे पंच. बोलायला कमी, प्रार्थनेला लांब. घरात आम्ही तिघंच.

रेश्मा मॅडम आल्या त्या एका संस्थेकडून. कोरडवाहू भागात कमी पाण्यावरचा भात कुठे घेता येईल, याची जमीन त्या तपासत होत्या. भाताचं नाव ऐकल्यावर चावडीपुढं जो हशा पिकला, तो मला अजून आठवतो.

"मॅडम, हितं बाजरीला पानी न्हाई आन तुमी भात म्हनता?" पुंजाराम म्हणाला. पुंजाराम म्हणजे आमचा शेजारी. त्याच्या बांधाला आमचा बांध, आणि वाडीत त्याच्या शब्दाला वजन.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की यात चिखलणी नाही, लावणी नाही. बाजरीसारखा पेरायचा. पाणी द्यायचं, मग जमीन सुकू द्यायची, मग पुन्हा द्यायचं. जमिनीत भोकं पाडलेला पाइप पुरायचा, त्यात डोकावलं की खाली पाणी किती उरलंय ते दिसतं. पण जमीन पाणी धरणारी हवी. आणि तशी जमीन निघाली, तर संस्था वाडीला मोठं शेततळं देणार आणि तिथून सगळ्यांच्या रानात पाइपलाइन. हे ऐकल्यावर हशा थांबला. पुंजारामनं स्वतः उठून मॅडमना खुर्ची दिली.

मग मॅडमचं माती तपासायचं गिरमिट वाडीभर फिरलं. ज्याच्या त्याच्या रानात ते हातभर जायचं आणि मुरमाला लागून खर्रर्र करायचं. टॅबवरच्या नकाशात आमची वाडी लाल होत गेली. लाल म्हणजे अयोग्य. दिवस कलायला लागला, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पुंजारामनं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"आमच्या खालच्या तुकड्यात बगा," हे म्हणाले. "मधी. मी दावतो जागा."

तिथं गिरमिट लोण्यात जावं तसं गेलं. काळाभोर, मऊ गाळ. मॅडमनी दांड्याला दुसरा दांडा जोडला, तरी गिरमिट खालीच. बांधावर जमलेली माणसं एकदम गप्प झाली. मला वाटलं, देवाची करणी बघून भारावली असतील. मी मनातल्या मनात आभारसुद्धा मानले.

"अशी माती मी या तालुक्यात पाहिली नाही," मॅडम म्हणाल्या. आनंदानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी तिथं खूण केली. "प्रात्यक्षिक इथंच करू. या खुणेभोवतीच."

"हितंच?" पुंजाराम म्हणाला. "जरा वरल्या अंगाला चालनार न्हाई का?"

"माती इथली तपासली, भाऊ. मग इथंच नको का?"

पुंजारामचं तोंड बघून मला हसू आलं. हावरा मेला, म्हटलं, स्वतःच्या बांधाजवळ ओढायला बघतोय.

पेरणी झाली, जागोजागी पाइप पुरले. आता पेरलेल्या भाताचं एक आहे, तण त्याच्या आधी वर येतं. लव्हाळा, केना, हराळी, सगळी भावंडं हजर. मी खुरपणीला बाया सांगायला गेले तर एकीची कंबर धरलेली, एकीला तिसगावच्या बाजाराला जायचं, एकीच्या घरी पाहुणे. त्याच बाया वरच्या तुकड्यात कांद्याला हसत आल्या. मी घरी येऊन कडाकडा बोटं मोडली. हे शांतपणे म्हणाले, "बाया रोपं तुडवत्यात. तुजा हात हलका हाय. तूच कर."

मी फुशारले. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी माझ्या हाताचं कौतुक यांनी कधी केलं नव्हतं. स्वतः ते मोटारीचं बटण, व्हॉल्व्ह आणि बांध सांभाळायचे. आत उतरायचे नाहीत. पायाला भेगा आहेत, ओल सोसत नाही, असं म्हणायचे, आणि भेगा होत्याच. रात्री मीच त्यांना कोकम तेल लावून द्यायची.

पाऊस ओढ देऊन बसला आणि आमचा भात पिवळा पडायला लागला. चुनखडीच्या जमिनीत असं होतं, मॅडमनी फोनवर फवारणी सांगितली. पण मधली एक जागा पिवळी पडेना. मी धाब्यावर मिरच्या वाळत घालायला चढले होते, तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. पिवळ्या भातात काळसर हिरवा गोल. कुणी दोरी धरून आखावा इतका गोल. माझ्या अंगावर काटा आला. का आला, ते मला सांगता आलं नाही. पीक चांगलं आलंय म्हणून कुणाच्या अंगावर काटा येतो का?

मी मामांना म्हटलं, "मामा, वर या, गंमत बघा." मामा वर आले नाहीत. त्या दिवसापासून ते खालच्या तुकड्याकडे फिरकलेच नाहीत. फक्त संध्याकाळच्या प्रार्थनेत एक फरक पडला. आधी ते म्हणायचे, "आमच्या घरादाराला राख." आता त्यात माझं नाव यायला लागलं. "सिल्व्हियाला राख. तिच्या पावलाला राख." मला वाटलं, म्हातारा विरघळला. मी त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवायला लागले.

मॅडम फोटो घेऊन गेल्या. त्या गोलाचा फोटो त्यांनी कुठं कुठं दाखवला. आमच्या वाडीचा रंग नकाशात हिरवा झाला आणि शेततळ्याचं खोदकाम सुरू झालं. जेसीबी आला त्या दिवशी पुंजारामनं पेढे वाटले.

त्याची आई बनुबाई मात्र पेढा न खाता आमच्या बांधावर आली. मी गोलात खुरपत होते. तिनं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर हळद काढली आणि बांधावरूनच माझ्या दिशेनं फेकली.

"हे काय, आत्या?" मी हसून विचारलं. "आम्ही ख्रिस्ती माणसं."

"असूं दे," ती म्हणाली. "पोरी, कडंकडंनं खुरपावं गं. मधी कशाला बसतीस?"

"मधल्या तणाला कोण काढणार मग? तुम्ही येता का?"

ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. जाताना पदरानं डोळे पुसत गेली. म्हातारीला मोतीबिंदू आहे, असं मी समजले. आता वाटतं, तिनं एक वाक्य पुरतं बोलायला काय हरकत होती? पण त्या वाक्यात तिच्या पोराची पाइपलाइन बुडत होती.

पाणी दिलं की बाकीच्या पाइपांत ते चांगलं टिकायचं. मधल्या पाइपात दुपारपर्यंत टिपूस नसायचा. मी कान लावला तर आत खोल कुठंतरी गुडगुड व्हायचं, पोटात व्हावं तसं. टाच टेकली की ती इतर ठिकाणापेक्षा जास्त खोल जायची. गोलाची जमीन ताटासारखी खोलगट होत चालली होती. मी यांना सांगितलं.

"उंदरांची बिळं असत्याल," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "चार पाट्या माती टाक तितं."

मी टाकल्या. डोक्यावर पाटी घेऊन गेले आणि मधोमध ओतून पायानं दाबल्या. हे बांधावरून बघत होते. मी वर आले तेव्हा यांनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि न सांगता चहा करून दिला. किती बरं वाटलं होतं मला त्या चहानं.

लोंब्या भरल्या आणि मॅडमनी शिवारफेरी ठरवली. आजूबाजूच्या गावांतली माणसं आली, मांडव पडला. पाहुण्यांना वाडीकरांनी आधीच बजावलं होतं, पिकात उतरायचं नाही, बांधावरून बघायचं. चारी बांध माणसांनी भरले. आमच्या वाडीचं एकही पाऊल आत नव्हतं. मी नवी साडी खोचून मधोमध उभी होते, कारण यांनीच सकाळी सांगितलं होतं, "मॅडमला पाइप दावायला तू आत उभी ऱ्हा. त्यांला उतराय लावू नगं."

मॅडम बोलत होत्या. पाणी किती वाचलं, माती कशी, जागा निवडताना काय बघायचं. आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलेलं, त्यामुळे गोल मऊ झाला होता. माझे पाय घोट्याच्या वरपर्यंत रुतले होते. पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं झालं, थांबलं, परत झालं. मी पाइपाला धरलं तर पाइपच कलला.

"सिल्व्हियाताई, थांबा, मीच येते," मॅडम म्हणाल्या. "लोकांना जवळून दाखवते." आणि त्यांनी चपला काढल्या.

पुंजाराम खाली बघायला लागला. मामांनी डोळे मिटले, ओठ हलत होते. मॅडमनी एक पाय आत टाकला.

"मॅडम! मधी जाऊ नका!"

हे ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. दोन्ही हात पसरून ते मॅडमच्या पुढे आले होते.

मॅडम दचकून थांबल्या. "का? साप आहे का?"

मागून बनुबाईचा आवाज आला, रडका. "हीर हाय तितं, बाई. दुष्काळात आटली तवा बुजवलेली, ही सून यायच्या आदी. दगडधोंडं आन वर तळ्याचा गाळ. समद्यांनी मिळून बुजवली. ह्यो बेंजामिन बी पाट्या वाहत हुता."

मला आधी ते शब्द कळलेच नाहीत. मी बांधावरच्या एकेका तोंडाकडे पाहिलं. कंबर धरलेली बाई होती, बाजाराला गेलेली होती, घरी पाहुणे आलेली होती. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या पायांकडे बघत होते.

मॅडमचा चेहरा पांढरा झाला, पण त्याच तेवढ्या हलल्या. मोजणीची लांब काठी घेऊन त्या गोलाच्या कडेला पालथ्या पडल्या आणि काठी माझ्याकडे केली. "ताई, झोपून या. उभ्यानं नको. हळू." मी भातावर पालथी झाले, काठीला धरलं आणि सरपटत आले. लोंब्या तोंडाला टोचत होत्या. मागे जमिनीनं एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. बांधावर बाया किंचाळल्या. मी वळून पाहिलं तेव्हा हिरवा गोल तिथं नव्हता. काळं तोंड होतं, आणि कडेचा भात मुळांसकट त्यात उतरत होता.

मॅडमनी मला मिठी मारली. मला फक्त एक गोष्ट विचारायची होती. साडीवरचा चिखल न झटकता मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडमनी एक पाय टाकला तर तुम्ही ओरडलात," मी म्हटलं. "अहो, आणि मी?"

यांनी मामांकडे पाहिलं, पुंजारामकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. मग खाली बघत, अगदी खरं सांगावं तसं, हे म्हणाले,

"तू हलकी हायेस ना. म्हटलं, तुज्या वजनानं काय व्हतंय."